चमकणाऱ्या शाईतले कोड आणि ते वाचणारी यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छापखानेवाले, पॅकेजिंगची कामं घेणारे, कार्यक्रमांचे पास छापून घेणारी मंडळं आणि मधूनच एखादे तिकीटसंग्राहक आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. बहुतेक पत्रांत तक्रार एकच असते: 'शाई चमकत नाही.' नमुना तपासला की शाई ठीकठाक निघते. चुकलेला असतो तो कागद, नाहीतर दिवा. म्हणून घाईत असाल तर प्रश्न ५ आणि ६ आधी वाचा.

१. ही शाई म्हणजे रेडियमच ना?

नाही. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतात. गाडीच्या मागे लावतो ते 'रेडियम'चे स्टिकर तर स्वतः चमकतही नाहीत, समोरच्या दिव्याचा उजेड आला तसा परत पाठवतात. इथे चर्चा आहे ती एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणाऱ्या शाईची. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आत घ्यायचे आणि दिसणारा लाल, हिरवा किंवा निळा प्रकाश सोडायचा, हे तिचं काम. इंग्लंडच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हा प्रकार नीट मांडला. बाहेर पडणारा प्रकाश आत आलेल्यापेक्षा जास्त तरंगलांबीचा असतो, हा त्यांचा मुद्दा आजही बहुतेक यंत्रांच्या रचनेत वापरला जातो.

यात दोन घराणी आहेत. दिवा बंद करताच विझते ती प्रतिदीप्ती. दिवा बंद केल्यावरही थोडा वेळ रेंगाळते ती स्फुरदीप्ती. कोड छापण्याच्या बहुतेक कामांत पहिलीच वापरतात. दुसरी कुठे लागते ते प्रश्न १८ मध्ये आहे.

२. दुकानात 'युव्ही इंक' मागितली तर हीच मिळेल का?

बहुधा नाही, आणि इथेच पैसे वाया जातात. छपाईच्या बाजारात युव्ही शाई म्हणजे अतिनील दिव्याखाली वाळणारी शाई. स्पॉट युव्ही, युव्ही वार्निश वगैरे त्याच कुळातलं. तिला चमकण्याशी काही देणंघेणं नाही. तुम्हाला हवी आहे ती 'युव्ही फ्लोरोसंट, अदृश्य' शाई. ऑर्डर देताना चार गोष्टी लिहून द्या: कोणत्या तरंगलांबीच्या दिव्याखाली चमकायला हवी, कोणत्या रंगात चमकायला हवी, उघड्या प्रकाशात रंगहीन हवी की रंगीत, आणि कोणत्या मशीनवर छापणार.

दोन्ही गुण एकाच शाईत हवे असतील, म्हणजे युव्ही दिव्याने वाळणारी आणि युव्हीत चमकणारीही, तर तसं मिळतं. पण चमकणारं द्रव्य वाळवणारे किरण स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे शाई खालून कच्ची राहू शकते. मशीनचा वेग कमी ठेवा आणि टेप लावून ओढल्यावर शाई सुटते का ते पाहा.

३. साधी काळी शाई स्वस्त आणि मस्त वाचली जाते. मग हा खटाटोप कशाला?

काळ्याने काम होत असेल तर काळंच छापा. तीन ठिकाणी मात्र काळं अडतं. एक, खालची पार्श्वभूमी आपल्या हातात नसते: कुणी रंगीत, कुणी छापील, कुणी हाताने लिहिलेली. दोन, कोड दिसायलाच नको असतो, कारण डिझाइन बिघडतं किंवा तो फक्त आतल्या कामापुरता असतो. तीन, वस्तू वेगाने पुढे जात असताना ती कुठल्या बाजूने आहे, सरळ की उलटी, एवढंच यंत्राला झटकन कळायला हवं असतं.

पहिलं आणि तिसरं कारण टपालखात्यांनी लवकर ओळखलं. ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये नॉर्विच शहरात पोस्टकोडची चाचणी झाली. पुढे तिथे वर्गीकरणाच्या पद्धतीत पाकिटावर फॉस्फर या चमकणाऱ्या द्रव्याच्या ठिपक्यांचा कोड उमटवला जाऊ लागला आणि यंत्रं तो वाचून पत्रं वेगळी करू लागली. अमेरिकेत १९६३ मध्ये ओहायोतल्या डेटन इथून चमकणारा लेप दिलेली तिकिटं सुरू झाली. तिकीट कुठल्या कोपऱ्यात आहे ते यंत्राला लेपाच्या चमकेवरून कळतं, मग पाकीट फिरवून त्यावर शिक्का मारता येतो. फ्रँकिंग मशीनच्या (तिकिटाऐवजी टपालशुल्काचा ठसा उमटवणाऱ्या यंत्राच्या) लाल शाईतही तिथे असंच चमकणारं द्रव्य असतं, तेही याच कामासाठी.

४. अमेरिकेहून भावाने पाठवलेल्या पाकिटाच्या मागे फिकट नारिंगी रेघा आहेत. कुणी काही खोडसाळपणा केला का?

नाही, तो पाकिटाचा ओळखक्रमांक आहे. हस्ताक्षर यंत्राला लागलं नाही की पत्त्याचा फोटो दूरच्या केंद्रावरच्या माणसाकडे जातो. तो वाचून टाइप करतो. तोवर पाकीट थांबून राहत नाही. उत्तर आलं की ते नेमक्या त्याच पाकिटाला जोडता यावं, म्हणून मागच्या बाजूला चमकणाऱ्या नारिंगी शाईत हा कोड छापलेला असतो. मागची बाजू कुठल्याही रंगाची, नक्षीची असू शकते, म्हणून काळं न वापरता चमकणारी शाई. पुढच्या बाजूला खाली दिसतो तो काळा, उंच-बुटक्या ६५ रेघांचा कोड वेगळा. तो पत्ता सांगतो आणि साध्या शाईत असतो.

संग्राहकांसाठी: अशी पाकिटं उन्हात मांडून ठेवू नका. कारण प्रश्न १२ मध्ये.

५. शाई बाटलीत झकास चमकते, कागदावर छापली की गायब. असं का?

कागद चमकतोय म्हणून. कागद पांढराशुभ्र दिसावा यासाठी मिल त्यात शुभ्रक द्रव्यं घालते. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात, म्हणजे तुमच्या शाईचाच धंदा करतात. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरची (म्हणजे तेवढ्या तरंगलांबीचे अतिनील किरण सोडणारी) टॉर्च घेऊन चार कागद शेजारी ठेवून पाहा. झेरॉक्सचा ए-४ कागद निळापांढरा पेटतो. आर्ट पेपरही बहुधा पेटतो. वर्तमानपत्राचा कागद आणि तपकिरी क्राफ्ट कागद मळकट, जवळजवळ काळे दिसतात. ड्युप्लेक्स बोर्डाची (खोक्यांच्या पुठ्ठ्याची) लेप दिलेली बाजू चमकते आणि करडी पाठ मंद राहते, फक्त मधेमधे रद्दीतून आलेले तंतू ठिणग्यांसारखे दिसतात. त्या ठिणग्याही बारीक कोडात घोटाळा करतात.

आकड्यांत पाहू. समजा कॅमेऱ्यात काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ गुण आहेत. शुभ्र कागदावर कोडाला २०० मिळाले आणि आजूबाजूच्या कागदाला १५०, तर फरक २०० च्या एक चतुर्थांश. मंद कागदावर कोडाला १८० आणि कागदाला २०, म्हणजे फरक जवळपास ८९ टक्के. दुसऱ्या नमुन्यात शाई कमी चमकली, तरी वाचली जाईल तीच. यंत्राला चमक नको असते, फरक हवा असतो.

उपाय पसंतीच्या क्रमाने सांगतो. सगळ्यात चांगला म्हणजे 'युव्ही डल', म्हणजे अतिनील दिव्याखाली मंद राहणारा, कागद मागणं. धनादेशासाठी नेमलेला कागद याच जातीचा असतो. ते शक्य नसेल तर कोडाच्या जागेपुरता टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या शाईचा एक हात द्या. हे पांढरं द्रव्य ३६५ चे किरण स्वतः पिऊन टाकतं, त्यामुळे खालचा कागद पेटत नाही, आणि साध्या उजेडात ते पांढरंच दिसतं. मात्र त्या पांढऱ्या शाईत पुरवठादाराने शुभ्रक घातलेलं नाही ना, हे टॉर्च मारून बघून घ्या. तिसरा उपाय म्हणजे लाल चमकणारी शाई आणि कॅमेऱ्यावर लाल गाळणी (फिल्टर). कागदाची चमक निळी असते, ती गाळणीवरच अडते. निळी चमकणारी शाई शुभ्र कागदावर छापणं म्हणजे पांढऱ्या भिंतीवर खडूने लिहिणं.

आणि एक: एकाच नावाचा कागदही लॉटप्रमाणे बदलतो. प्रूफ पास झालं म्हणून सहा महिन्यांनी आलेला कागद डोळे झाकून मशीनवर चढवू नका.

६. दिवा कोणता घ्यायचा? ऑनलाइन दीडदोनशे रुपयांत टॉर्च मिळते.

त्या स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा जांभळा उजेड डोळ्यांना सरळ दिसतो आणि कॅमेऱ्यालाही, त्यामुळे सगळं चित्र जांभळट होतं. ३६५ च्या एलईडीचा दृश्य उजेड फारच कमी असतो. त्यातही काळी गाळणी लावलेली घेतली तर चित्र स्वच्छ येतं. किंमत जास्त पडते, पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

२५४ नॅनोमीटरचे पाऱ्याचे दिवे वेगळ्या शाईंसाठी. ते किरण साध्या काचेतून जात नाहीत आणि पॉलिएस्टर फिल्ममधूनही जात नाहीत. वस्तू काचेआड किंवा अशा फिल्ममध्ये असेल तर २५४ चा विचारच सोडा. डोळ्यांना आणि कातडीलाही हाच जास्त घातक. झाकण असलेल्या पेटीबाहेर वापरू नये. ३६५ ची टॉर्चही डोळ्यांत मारायची गोष्ट नाही. दिवसभर तपासणीला बसणाऱ्याला पॉलिकार्बोनेटचा चष्मा द्या.

७. डोळ्यांना कोड ठळक दिसतो, तरी स्कॅनर वाचत नाही.

चार कारणं, याच क्रमाने तपासा. पहिलं, उलटा रंग. नेहमीच्या कोडात काळे चौकोन पांढऱ्यावर असतात. इथे उजळ चौकोन अंधारावर येतात. डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखाच चौकोनांचा कोड) आणि क्यूआर या दोन्हींच्या मानकांत उलटा कोड मान्य आहे, पण अनेक वाचकांत तो पर्याय मुळात बंद असतो. सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. दुसरं, बाहेरचा उजेड. छताच्या ट्यूबचा प्रकाश कागदावरून परतून कॅमेऱ्यात घुसतो आणि अंधार राखाडी होतो. वाचनाच्या जागी काळं खोकं किंवा पडदा लावा. तिसरं, कॅमेऱ्यावर गाळणी नाही. स्टोक्सचा मुद्दा (प्रश्न १) इथे कामाला येतो: दिव्याचा रंग अडवायचा आणि शाईचा रंग आत सोडायचा, एवढंच गाळणीचं काम. चौथं, नेहमीचा लाल लेझरवाला हातस्कॅनर. लाल प्रकाशाने ही शाई पेटतच नाही. असा स्कॅनर इथे कधीच चालणार नाही, सेटिंग कितीही बदला.

८. क्यूआर छापू, डेटा मॅट्रिक्स, रेघांचा बारकोड की नुसते आकडे?

जागा कमी असेल तर डेटा मॅट्रिक्स. त्याला चारही बाजूंनी एका चौकोनाएवढी मोकळी जागा पुरते, क्यूआरला चार चौकोनांएवढी लागते. क्यूआरचा फायदा म्हणजे चूक सुधारण्याची पातळी निवडता येते. सर्वात वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर निघतो. चमकणाऱ्या छपाईत कडा पुसट येतात, म्हणून आम्ही वरच्या दोन पातळ्यांखाली जाऊ नका असं सांगतो.

आकडेच हवे असतील तर ओसीआर-बी अक्षरवळण घ्या. माणसालाही वाचता येतं, यंत्रालाही. पण आकड्यांना स्वतःहून चूक सुधारता येत नाही. शेवटी एक तपासणी अंक (बाकीच्या अंकांवरून गणिताने काढलेला) जोडा, म्हणजे ३ चा ८ झाला तर निदान कळेल.

चौकोनाचं माप प्रिंटरच्या ठिपक्याच्या पूर्ण पटीत ठेवा. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) एक ठिपका ०.०८५ मिमीच्या आसपास पडतो. सहा ठिपके म्हणजे ०.५१ मिमी. मध्येच ०.४५ मिमी दिलं तर काही चौकोन पाच ठिपक्यांचे आणि काही सहाचे होतात, आणि मग दोष शाईवर जातो.

९. ऑफसेट, स्क्रीन, फ्लेक्सो, इंकजेट: कशावर छापू?

प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक असेल तर इंकजेटच. यातल्या बाकी कशानेही आकडा दर नगाला बदलत नाही. एकच खूण सगळ्यांवर हवी असेल तर बाकीचे पर्याय.

स्क्रीनचा थर जाड, दहा मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) वर सहज जातो, म्हणून चमक सर्वात चांगली. पण बारीक चौकोन जाळीच्या धाग्यात अडकतात. ऑफसेटचा थर एकदोन मायक्रॉनचा. तिथे बारीक दळलेली सेंद्रिय द्रव्यंच चालतात. खनिज द्रव्यांचे कण कित्येकदा त्या थराहून मोठे आणि कडक असतात. ते ऑफसेटचं रबरी ब्लँकेट आणि प्लेट खातात, फ्लेक्सोत शाई मोजून देणारा अनिलॉक्स रोलर झिजवतात. इंकजेटमध्ये हेच कण तळाशी बसतात आणि नॉझल तुंबतं. म्हणून तिथे विरघळणारी द्रव्यं वापरतात, ती चमकतात छान पण टिकतात कमी.

ऑफसेटवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यायची. आधीच्या जॉबची शाई रोलरवर राहिली असेल, अगदी बोटाला लागणार नाही इतकी, तरी चमक मार खाते. दोनदा धुवा. धुण्याच्या फडक्यावर टॉर्च मारू नका, ते स्वतःच साबणामुळे चमकतं.

१०. चमक कमी वाटली तर शाईत पावडर आणखी घालू का?

एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे कण इतके जवळ येतात की एकाने घेतलेली ऊर्जा प्रकाश न होता शेजाऱ्याकडे जाऊन उष्णतेत संपते. पावडर वाढवाल तर चमक उतरेल, शाई घट्ट होईल आणि उघड्या उजेडात डागही दिसू लागेल. थर जाड करणं हा त्याहून बरा मार्ग. पुरवठादाराने दिलेलं प्रमाण बदलण्याआधी पट्टीवर तीन-चार प्रमाणं ओढून एकाच दिव्याखाली शेजारीशेजारी बघा.

११. रंगीत छपाईवर किंवा काळ्यावर हा कोड चालेल का?

काळ्यावर नाही. कार्बनची काळी शाई दिव्याचे किरणही खाते आणि शाईचा प्रकाशही. उघड्या उजेडात गडद काळा दिसणारा आणि युव्हीत लख्ख चमकणाराही कोड ज्यांना हवा असतो, त्यांचीही अडचण हीच. ते साधायचं तर कार्बन सोडून रंगद्रव्यांच्या मिश्रणातून गडदपणा आणावा लागतो, आणि तरीही तडजोड उरतेच.

रंगांचा हिशेब सोपा आहे. निळसर सायन लाल प्रकाश शोषतो, म्हणून सायनवर लाल चमकणारा कोड मंदावतो. गुलाबी मजेंटावर हिरव्याचं तेच, पिवळ्यावर निळ्याचं तेच. कोड दोन रंगांच्या सीमेवर पडला तर अर्धा उजळ आणि अर्धा मंद येतो. तो प्रकार यंत्राला सर्वात जास्त छळतो. डिझायनरला सांगा, कोडाखाली एकच फिका रंग ठेव.

१२. किती दिवस टिकेल?

कपाटात वर्षानुवर्षं. खिडकीत ठेवलं तर सेंद्रिय शाई आठवड्यांतच उतरू लागते. ज्या किरणांनी ती चमकते, तेच किरण तिचे रेणू तोडतात. युरोपियम या धातूच्या संयुगांपासून बनवलेली लाल शाई दिसायला अप्रतिम. तिचा प्रकाश ६१२ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात येत असल्याने गाळणी लावणं सोपं जातं. पण तिचा सेंद्रिय भागही उन्हात खचतो. खनिज द्रव्यं उन्हाला दाद देत नाहीत, पण त्यांची अडचण प्रश्न ९ मध्ये आली आहे.

पुरवठादाराकडून ब्लू वूल मापावरचा (उजेडात रंग किती टिकतो ते सांगणारा) आकडा मागा. ते माप १ ते ८ असतं. ३ च्या खालची शाई बाहेर वापरायच्या कशावरही छापू नका.

१३. वर लॅमिनेशन किंवा वार्निश केलं तर?

आधी फिल्मच्या तुकड्यातून टॉर्च मारून बघा. काही फिल्ममध्ये उन्हापासून रक्षणासाठी अतिनील अडवणारं द्रव्य असतं. मग कोड खाली असून नसल्यासारखा. काही वार्निशमध्ये शुभ्रक असतं, आणि सगळा कागद पेटतो. चांगली फिल्म मिळाली तर उलट फायदाच होतो, घासण्यापासून कोड वाचतो.

१४. बारकोड व्हेरिफायरने (छापलेल्या कोडाची प्रत तपासणाऱ्या यंत्राने) ग्रेड देता येईल का? पार्टी ग्रेडचा कागद मागते.

नेहमीच्या यंत्रावरून नाही. आयएसओ/आयईसी १५४१५ नुसार द्विमितीय कोडांची जी प्रत ठरते, ती वस्तूवरून परतलेल्या प्रकाशावर. त्यात ७० टक्के फरकाला सर्वात वरची श्रेणी, ५५ ला त्याखालची, ४० ला तिसरी. चमकणारा कोड प्रकाश परतवत नाही, स्वतः सोडतो, त्यामुळे त्या यंत्राच्या मोजपट्टीला इथे आधार नाही. व्यवहार्य मार्ग असा: प्रत्यक्ष वापरायचा दिवा, गाळणी, कॅमेरा आणि अंतर कायम ठेवून तेच गणित करा आणि करारात तसंच लिहा. 'अमुक मांडणीत एवढा फरक, शंभर नगांत इतके वाचले गेले पाहिजेत.' ग्रेडचा अक्षरी शिक्का मात्र देऊ नका.

१५. मोबाइलने वाचता येतो का?

येतो, सोबत ३६५ ची टॉर्च आणि अंधार असेल तर. मोबाइलचा कॅमेरा अतिनील फारसा पाहत नाही, पण शाईचा प्रकाश दृश्य असल्याने तो टिपतो. अडचण उलट्या रंगाची (प्रश्न ७). सगळी अॅप उलटा क्यूआर वाचत नाहीत.

१६. कोड दिसत नाही म्हणजे नक्कल होणार नाही ना?

होईल. ३६५ ची टॉर्च कुणीही विकत घेतो, अदृश्य शाईही मिळते. शाई फक्त लपवते. नक्कल पकडायची असेल तर ती ताकद कोडातल्या मजकुरात हवी: प्रत्येक नगाला वेगळा, अंदाज न बांधता येणारा क्रमांक, आणि तो दुसऱ्यांदा वाचला गेला की आरडाओरडा करणारी नोंदवही. ०००१, ०००२ असे ओळीने क्रमांक चमकणाऱ्या शाईत छापणं म्हणजे नुसता खर्च.

गरब्याच्या पासवाल्यांसाठी खास. गेटवर युव्ही दिवा धरून 'चमकलं, जाऊ दे' एवढंच करणार असाल तर दुसऱ्या रात्री नकली पासही चमकतील. क्रमांक वाचणारं यंत्र ठेवा. आणि दिवा गेटच्या आडोशाला ठेवा. मैदानातल्या ब्लॅक लाइटजवळ, म्हणजे युव्ही दिव्यांजवळ, पांढरे कुर्ते, केडियू सगळंच पेटतं, कारण कपड्यांच्या साबणातही कागदातल्यासारखीच शुभ्रक द्रव्यं असतात.

१७. औषधाच्या खोक्यावर, धनादेशावर, पासपोर्टवर हे चालतं का? नोटेवरचा नंबर चमकतो, तसा छापून द्याल का?

चार वेगळी उत्तरं आहेत.

औषध: १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे. तो विकत घेणाऱ्याने वाचायचा असतो, म्हणून अदृश्य शाईत छापून नियम पाळला असं होत नाही. स्वतःच्या मालाचा माग ठेवायला दुसरा चमकणारा कोड जरूर छापा, फक्त बाहेरच्या खोक्यावर. अन्नाच्या वेष्टनासाठी शाईचं भारतीय मानक आयएस १५४९५ आहे. त्यात बसते का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

धनादेश: खालच्या पट्टीतले आकडे चमकत नाहीत, ते चुंबकीय शाईचे असतात. नऊ अंकी कोडात पहिले तीन शहराचे (मुंबई ४००, पुणे ४११), पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. चमकतो तो बँकेचा लोगो. धनादेशांच्या सीटीएस-२०१० मानकाप्रमाणे तो अदृश्य शाईत असतो आणि कागद युव्हीत मंद असावा लागतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना सुचवलं की साधारण २ लाखांवरचे धनादेश युव्ही दिव्याखाली पाहावेत. चुंबकीय पट्टीत दुसरं काहीही छापायचं नाही.

पासपोर्ट: फोटोखालच्या ४४ अक्षरांच्या दोन ओळी ओसीआर-बीत असतात. त्या अवरक्त प्रकाशात काळ्या दिसाव्या लागतात, चमकायच्या नसतात. लोक याची हमखास गल्लत करतात.

नोट: नोटेवरचे क्रमांक प्रतिदीप्त शाईत असतात हे खरं, आणि नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्येही छापल्या जातात हेही खरं. पण तसा नमुना मागणारी ऑर्डर कुणी दिली तर घेऊ नका. नकली चलन आणि त्याची साधनं याबद्दल भारतीय न्याय संहितेची कलमं १७८ ते १८२ आहेत, आणि 'गंमत म्हणून' हे तिथे उत्तर नाही.

१८. कागद बदलता येत नाही, पांढरा हातही देता येत नाही. काही मार्ग?

दोन आहेत, दोन्ही महाग. पहिला वेळेचा. कागदातल्या शुभ्रकाची चमक दिवा विझल्यावर काही अब्जांश सेकंदांत संपते. युरोपियमची चमक मिलिसेकंदाच्या आगेमागे रेंगाळते, काही खनिजांची त्याहून जास्त. दिवा लखकन मारायचा, क्षणभर थांबायचं आणि मग कॅमेऱ्याचा डोळा उघडायचा. कागद तोवर काळा झालेला असतो, कोड उरतो. ब्रिटनच्या टपालयंत्रांनी तिकिटावरचा फॉस्फर ओळखला तोही या मागे उरणाऱ्या चमकेवरूनच.

दुसरा उलट दिशेचा. यटर्बियम आणि एर्बियम ही मूलद्रव्यं घातलेली काही खनिजं ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश दोन-दोन हप्त्यांत गोळा करून हिरवा प्रकाश सोडतात. कागदातलं शुभ्रक अवरक्ताने पेटत नाही, म्हणून पार्श्वभूमी कोरी. पण कण जाड, चमक मंद, आणि दिवा म्हणजे न दिसणारा लेझर. डोळ्यांना धोका असूनही पापणी मिटत नाही, म्हणून बंद पेटीतच वापरायचा.

१९. एकाच जागी दोन कोड बसवता येतील का? वर साधा काळा, खाली गुप्त?

साध्या काळ्याखाली नाही, कारण प्रश्न ११. दोन चमकणारे कोड मात्र एकमेकांवर बसतात. एक लाल चमकणारा आणि एक हिरवा, कॅमेऱ्यापुढे दोन गाळण्या आळीपाळीने. किंवा एक २५४ ने पेटणारा, दुसरा ३६५ ने. दुसऱ्या प्रकारात तपासून घ्या, कारण ३६५ ने पेटणारी बरीच द्रव्यं २५४ नेही पेटतात. मग ३६५ खाली एकच कोड स्वच्छ दिसतो, आणि २५४ खाली दोघांची खिचडी. अशा वेळी २५४ चा कोड वेगळ्या रंगाचा घ्यावा लागतो, म्हणजे गाळणी इथेही सुटत नाही.